न विचारता काढलेला फोटो

आयझादाच्या घरात सगळ्यात जास्त बोलणारं कोणी असेल, तर तो तिचा फोन!

सकाळी चहाचं पाणी चढायच्या आधीच तो टिंग टिंग करायला लागे. नवऱ्याच्या अख्ख्या भावकीचा एक ग्रुप होता, नाव 'सात पिढ्यांची सावली'. काराकोलमधले, राजधानी बिश्केकमधले, रशियात कामाला गेलेले, लग्न होऊन लांब पडलेल्या लेकी, सगळे त्या सावलीत बसलेले. कोणाकडे पाळणा हलला, कोण गेलं, कोणाची घोडी व्याली, इथून सुरुवात व्हायची, आणि कोणाच्या सुनेनं लग्नात केवढासा झगा घातला होता इथे गाडी येऊन थांबायची. मग कोणीतरी मोठं माणूस एकच शब्द टाकायचं. उयात!

उयात म्हणजे लाज. आमच्याकडे हा शब्द 'आई' आणि 'भाकरी'च्या पाठोपाठ कानावर पडतो. मोठ्यानं हसलीस, उयात. उशिरा उठलीस, उयात. पाहुण्यांपुढे पाय पसरलेस, उयात. एकदा पडला की कपड्यावरच्या बीटच्या डागासारखा, कितीही चोळा, फिका होतो पण जात नाही.

आयझादा मनानं वाईट नव्हती हो! औषधाच्या दुकानात ती म्हाताऱ्यांना गोळ्या तीन-तीनदा समजावून सांगायची. पण नवरा उलान मालाचा ट्रक घेऊन आठवडाआठवडा बाहेर, घरात सासू आणि सात वर्षांची लेक. भावकीच्या पंगतीत सून म्हणून, धाकट्यांची जेंगे म्हणून, तिची जागा सगळ्यांच्या शेवटी, दाराजवळ, चहाच्या समोवारपाशी. तिथे तिला कोण काय विचारणार? ग्रुपवर मात्र तिनं काही टाकलं की थोरल्या मंडळींचे अंगठे पटापट वर व्हायचे. माणसाला एवढ्यावरही भूक भागवता येते. तुमच्या-माझ्या घरात असं कोणी नाही, असं छातीवर हात ठेवून सांगता येईल का?

तर त्या शनिवारी सकाळी एर्काइम, तिची लेक, पुठ्ठ्याचे कोल्ह्याचे कान डोक्यावर घालून स्वयंपाकघरात उभी राहिली. एक कान सरळ, दुसरा डिंक कमी पडल्यामुळे लोंबणारा.

"आई, आज जायचंच. तू कबूल केलंयस."

"कुठे गं?"

"विसरलीस! चित्रकथांचा मेळावा. संस्कृती भवनात. सगळे कार्टूनमधले होऊन येतात."

सासूबाई, बुरुल-एने, बोरसोक तळत बसल्या होत्या. कणकेच्या उशा कढईत टम्म फुगत होत्या. त्यांनी झाऱ्यावरून मान वर केली. "कसला म्हणे मेळावा?"

"काही नाही हो एने. पोरं जपानी कार्टूनं बघतात आणि तसले कपडे घालून हिंडतात."

"म्हणजे सोंगं."

"सोंगंच की."

"मग त्यात तोंड कडू करण्यासारखं काय आहे? आमच्या गावात वसंताच्या सणाला माझे काका बोकड होऊन नाचायचे. शिंगं खरी, दाढी खरी, वास तर त्याहून खरा. मलाही ने."

"तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत, त्यांना मी समजावीन. बरं, राहू दे. हे तरी ने." आणि त्यांनी गरम बोरसोक फडक्यात बांधून सुनेच्या हातात दिले. "माणसांत जातेस. रिकाम्या हातानं जाऊ नये."

संस्कृती भवन तेच, जिथे आयझादानं शाळेत असताना कवायत केली होती. तेच खांब, तोच चुन्याचा वास. पण आत पाऊल टाकलं आणि ती दारातच थबकली. निळ्या केसांची मुलं, शेपट्या, वर्खाच्या तलवारी. आजीच्या जुन्या नमद्याचं चिलखत करून घातलेला एक योद्धा. पंखवाला एक मुलगा दारात अडकला होता, आणि दोघंजण कपाट वळवावं तसं त्याला आडवं करून आत घेत होते. कोपऱ्यात शिंगवाला एक राक्षस आपली मिशी एका हातानं बाजूला धरून थंडगार आशल्यान्फूच्या शेवया भुरकत होता, आंबट रस हनुवटीवरून ओघळत. पुढे टेबलांवर पोरापोरींनी स्वतः काढलेली चित्रं, शिवलेली पुस्तकं, बिल्ले.

एर्काइमनं आईचा हात घट्ट धरला. परक्या माणसांपुढे ही पोर गोगलगाईसारखी आत जायची. पण आज तिचे डोळे मात्र बाहेर आले होते.

दारावरच्या जांभळ्या केसांच्या मुलीनं हातावर शिक्का मारला आणि मोठ्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाली, "एजे, एक विनंती. वेष केलेल्या कोणाचा फोटो काढावासा वाटला तर आधी त्यांना विचारायचं. एवढाच आमचा नियम."

"हो हो," आयझादा म्हणाली. 'पायपुसण्याला पाय पुसा' म्हटल्यावर आपण जसं हो म्हणतो, तसं.

आणि थोड्याच वेळात तिला ती दिसली.

जिन्याशेजारी, पाठमोरी, बुटाची नाडी बांधायला वाकलेली एक पोरगी. अंगात आखूड चिलखत, कानांत चांदीचे डूल, मांड्यांपर्यंत पाय उघडे. आणि डोक्यावर एलेचेक! पांढऱ्याशुभ्र कापडाचे वेढ्यावर वेढे देऊन बांधलेलं ते उंच मुंडासं, जे आमच्याकडे फक्त लग्न झालेली बाई बांधते; जे बांधताना घरातली थोरली बाई आशीर्वाद पुटपुटते; जे बांधून आमच्या पणज्या घोड्यावर बसल्या, बाळंत झाल्या, आणि ज्याच्या कापडात शेवटी गुंडाळल्या गेल्या. ते ह्या शेंबड्या पोरीच्या डोक्यावर? आणि खाली उघडे पाय?

"कोकुय!" आयझादाच्या तोंडून निघालं, आणि तिचा हात आपोआप फोनकडे गेला.

खट्! फोटो निघाला. खाली तिनं लिहिलं, 'तोबा तोबा! लग्नाआधीच एलेचेक, आणि पाय उघडे! कोणाची लेक आहे ही? कुठे चाललोय आपण?' आणि दिलं पाठवून 'सात पिढ्यांच्या सावली'त.

खिसा लगेच थरथरायला लागला. टिंग. टिंग टिंग. आयझादाला आतून जरा ऊब आली.

तेवढ्यात कोणीतरी एर्काइमसमोर उकिडवं बसलं. गळ्यात मोठा कॅमेरा, पांढरी दाढी. बाजारापाशी फोटोचं दुकान चालवणारे गेन्नादी आजोबा. आयझादाला वाटलं, आता हे आपल्याला विचारतील, आणि तिनं हसून लेकीचा लोंबता कान सरळ करायला हात पुढे केला. पण आजोबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"कोल्हीणबाई," ते एर्काइमला म्हणाले, "तुमचे कान फार सुंदर आहेत. मी तुमचा एक फोटो काढू का?"

एर्काइमनं विचार केला. खरोखरच केला, ओठ चावला, छताकडे पाहिलं.

"नको."

"अगं, असं नाही म्हणायचं आजोबांना! उया..."

"का नाही म्हणायचं?" आजोबा उठता उठता म्हणाले. "मी विचारलं, त्यांनी सांगितलं. धन्यवाद, कोल्हीणबाई." आणि टोपीला हात लावून निघून गेले.

एर्काइम एकदम उंच झाल्यासारखी दिसायला लागली. आईचा हात सोडून ती शेजारच्या टेबलापाशी गेली आणि तिथल्या मुलीला आपणहून म्हणाली, "हे घुबड तू काढलंस?" घरी आलेल्या मामाशीही न बोलणारी पोर! आयझादा बघतच राहिली. एका छोट्या 'नको'नं आकाश कोसळलं नव्हतं. उलट पोरीला पाय फुटले होते. आपल्याला कधी कोणी असं विचारलं होतं का? तिच्या मनात काहीतरी चमकून गेलं, पण ते नीट हाताशी येईना. खिसा पुन्हा थरथरला. तिनं फोन काढला.

पहिली पाच-सहा उत्तरं नेहमीची होती. उयात. काळ काय आलाय. आईबापांनी काय शिकवलं. मग एका आत्यानं लिहिलं होतं, 'ते चांदीचे डूल मी ओळखते. ही आपल्या तालायची मीरिम आहे.'

आयझादानं फोन डोळ्यांजवळ नेला.

मीरिम! उलानच्या चुलतभावाची, तालायची लेक. आई दोन हिवाळ्यांपूर्वी आजारात गेलेली. बाप येकातेरिनबुर्गला बांधकामावर. पोरगी काकाकडे राहून शाळेचं शेवटचं वर्ष करत होती, आणि उन्हाळ्यानंतर बिश्केकला चित्रकलेच्या कॉलेजात जाणार म्हणून सगळ्या भावकीला ठाऊक होतं.

खाली तालायचा आवाज होता. मागे कुठेतरी काँक्रीटचं यंत्र घरघरत होतं. "ओमोरबेक, आत्ताच्या आत्ता जा आणि तिला तिथून बाहेर काढ. मी इथे पाठ मोडून घेतो, आणि ही तिथे माझ्या नावाला काळं फासते! कॉलेज-बिलेज काही नाही. पुरे झालं शिक्षण."

त्याखाली काका ओमोरबेकचं उत्तर, 'निघालो.'

आयझादानं धडपडत फोटो पुसून टाकला. पण वाचकहो, निसटलेला घोडा तबेल्याचं दार लावल्यानं परत येतो का? तोपर्यंत तो किती फोनांमध्ये जाऊन उभा राहिला होता देव जाणे.

तिनं घरी फोन लावला. शेजारीण फोन घेऊन बुरुल-एनेकडे आधीच पोचली होती.

"एने, तो फोटो मी... मला माहीत नव्हतं ती आपली मीरिम आहे!"

"आपली नसती तर चाललं असतं का?" सासूबाईंनी विचारलं. मग म्हणाल्या, "मी टॅक्सीनं येतेय. तू आधी पोरीकडे जा."

मीरिम रंगमंचामागच्या खोलीत होती. आरशासमोर बसलेली, फोन मांडीवर पालथा. गालावर रंगवलेली जखम अश्रूंनी हनुवटीपर्यंत ओघळली होती. आयझादा दारात उभी राहिली. लेक तिच्या पाठीमागे.

"मीरिम... तो फोटो मी काढला."

पोरीनं वर पाहिलं. आयझादाला वाटलं, आता ही ओरडेल, शिव्या देईल. तेही बरं झालं असतं.

"तुम्ही?" मीरिम म्हणाली. "जेंगे, मग विचारायचं ना! मी नीट उभी राहिले असते. नाडी बांधताना कशाला काढलात? बरं, हे चिलखत गुडघ्याखालपर्यंत आहे, वाकले म्हणून वर गेलं."

आयझादाला तोंडात मारल्यासारखं झालं.  

"पण एलेचेक... तुझं तर अजून..."

"माझं नाही ते. तिचं आहे." मीरिमनं शेजारच्या पुस्तकावर हात ठेवला. जाड, हातानं शिवलेलं. मुखपृष्ठावर वादळात उभी असलेली एक बाई, डोक्यावर पांढरं उंच एलेचेक. "ही माझ्या गोष्टीतली. हिला तीन मुलं आहेत, मग एलेचेक नको? आई गेल्यापासून मी तिला काढते. आधी नुसती स्वयंपाकघरात काढायचे. मग घोड्यावर काढली. मग वाटलं, हिला कशाचीच भीती नको वाटायला. हे कापडही आईचंच आहे, तिच्या पेटीतलं." तिनं डोळे पुसले, रंग आणखी पसरला. "आज मंचावर गोष्ट सांगायची होती. कॉलेजातल्या बाई बघायला आल्यात. आता काका येतील."

एर्काइम पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "मी तुझ्या चित्राला हात लावू?"

"लाव," मीरिम म्हणाली.

बुरुल-एने आल्या त्या रबरी बुटांत आणि घरच्याच झग्यात, एका हातात काठी, दुसऱ्या हातात थर्मास. मुख्य दालनाच्या दारापाशी एका बाकावर त्यांनी ठाण मांडलं. शिंगवाला राक्षस उठून त्यांना जागा देऊन गेला. "जग भरभरून, बाळा," त्या त्याला म्हणाल्या.

"एने, केवढी उयात झाली!" आयझादा त्यांच्याशेजारी कोसळली.

"कोणाची? पोरीची? तिनं काय केलं, बुटाची नाडी बांधली."

"लोक आता..."

"लोक म्हणजे कोण गं? त्या ग्रुपात तूच आहेस, मीच आहे, तो ओमोर आहे. लोक काही पामीरच्या डोंगरातून उतरून येत नाहीत." त्यांनी काठी आपटली. "ऐक. मी ह्या पोरीएवढी होते तेव्हा सणाला घोड्यावरच्या पाठलागात उतरायचे. पोरगी पुढे, पोरगा मागे. गाठलं तर मुका. नाही गाठलं, तर येताना पोरगी त्याला चाबकानं झोडपत आणणार. अख्खं गाव बघायचं मला! केस सुटलेले, झगा उडालेला. सभापतीच्या पोराला मी असा सडकला, की बिचारा किती दिवस पालथा झोपत होता. कोणी म्हणालं का उयात? नाही. कारण मी आपणहून उतरले होते, आणि चाबूक माझ्या हातात होता."

"मग?"

"मग त्याच वर्षी मला लग्नासाठी पळवून आणलं. बायांनी दंड धरले आणि डोक्यावर पांढरा रुमाल टाकला. एकदा तो पडला की परत जाणं म्हणजे उयात. तुझा सासरा पुढे सोन्यासारखा निघाला, ते माझं नशीब. पण मला विचारलं नाही ते नाहीच. अजून कधी कधी स्वप्नात मी तो रुमाल काढून टाकते." त्यांनी काठी बाकाला टेकवली. "तू आलीस, तेव्हा मी उंबऱ्यात रुमाल हातात धरून उभी होते. आठवतं?"

 मघाशी मनात चमकून गेलेलं आता हाताशी आलं. "आठवतं. तुम्ही म्हणालात, 'पोरी, तुझ्या मनानं आलीस ना? बांधू का?' आणि सगळ्या बाया हसल्या."

"हसू देत. मला तुझं उत्तर ऐकायचं होतं, त्यांचं हसणं नाही. तेवढंच तर असतं गं! रुमाल असो, मुका असो, नाहीतर तुझा तो फोटो असो. आधी विचारावं. ज्याचं आहे त्याच्या हातात चाबूक द्यावा. तू पोरीच्या पाठीमागून आलीस, आणि तिच्या हातात काहीच ठेवलं नाहीस."

आयझादा रडली. भर दालनात, राक्षसांच्या आणि पऱ्यांच्या देखत! पण ते रडणं लवकर आवरलं, कारण दारातून ओमोरबेक येत होता. उंच पांढरी टोपी, लाल झालेला चेहरा, हातात गाडीच्या किल्ल्या.

"कुठे आहे ती?"

"ये ओमोर," बुरुल-एने शांतपणे म्हणाल्या आणि सुनेजवळचं बोरसोकचं फडकं उलगडलं. "तोंडाला लाव."

"काकू, आत्ता वेळ नाही..."

"भाकरीला वेळ नाही?"

ओमोरबेक थांबला. आमच्याकडे कितीही घाईतलं माणूस असो, वडीलधाऱ्यानं पुढे केलेल्या अन्नाला पाठ दाखवून जात नाही. एक तुकडा मोडायचा, ओठाला लावायचा, मगच पाऊल उचलायचं. त्यानं एक बोरसोक उचलला आणि उभ्याउभ्या तोंडात टाकला.

"उभ्यानं? घोडा आहेस का?"

तो बसला. म्हातारीनं थर्मासमधून अर्धी वाटी चहा ओतला. अर्धीच, कारण भरून दिली म्हणजे 'पी आणि निघ', आणि अर्धी दिली म्हणजे मान, पुन्हा पुन्हा भरून द्यायचा. ओमोरबेकनं घाईघाईनं वाटी संपवली. तिनं पुन्हा अर्धी भरली.

"काकू, मला कळतंय तुम्ही काय करताय."

"काय करतेय? पुतण्याला चहा देतेय. घे, हा बोरसोक जरा करपलाय, पण तुला करपलेलेच आवडायचे."

इकडे आयझादानं फोन हातात घेतला.  भावकीच्या पंगतीत दाराजवळ बसणारी सून आज सगळ्या थोरामोठ्यांना उद्देशून बोलणार होती, आणि तेही ओमोरबेक बाइकेच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, समोर. तिनं बटण दाबलं.

"मी आयझादा, उलानची बायको. सकाळचा फोटो मी काढला होता. मीरिमला न विचारता, ती बुटाची नाडी बांधत असताना. खालचं लिहिणंही माझंच, आणि ते खोटं होतं. तिनं एलेचेकची थट्टा केलेली नाही. तिनं आपल्या आईची गोष्ट काढलीय. उयात म्हणायचंच असेल, तर ती माझी आहे. ज्यांनी तो फोटो पुढे पाठवलाय, त्यांनी हेही पुढे पाठवा. तालाय बाइके, तुमची माफी मागते. तिची आधीच मागितलीय."

खरं म्हणजे तिची मागायची राहूनच गेली होती. बोट सुटताच ती धावत मंचामागे गेली आणि माफी मागून आली.

परत आली तेव्हा ओमोरबेक हातातल्या वाटीकडे बघत बसला होता. फोन एकदाही वाजला नाही. 'सात पिढ्यांची सावली' पहिल्यांदाच गप्प होती.

आणि मंचावर दिवे लागले.

मीरिम आली. गालावरची जखम तिनं पुन्हा रंगवली होती. मागच्या पडद्यावर तिची चित्रं एकामागून एक उमटत होती. पूर आलेली नदी. पलीकडे अडकलेली मेंढपाळांची मुलं. तुटलेला पूल. आणि काठावर ती बाई, एलेचेक बांधलेली.

"तिच्याकडे दोर नव्हता," मीरिम म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "तिच्याकडे फक्त हे होतं." आणि तिनं डोक्यावरचं एलेचेक सोडायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा, तिसरा... पांढरं कापड संपता संपेना! मग तिनं त्याचं टोक मंचावरून खाली सोडलं. "कोण धरणार?"

पहिल्या रांगेतली पोरं उसळली. आणि आयझादाच्या डोळ्यांसमोर, गोगलगाईसारखी तिची लेक, एक कान लोंबणारी, सगळ्यांच्या पुढे धावली आणि टोक दोन्ही हातांनी धरून मागे मागे यायला लागली. पंखवाल्यानं धरलं, नमद्याच्या योद्ध्यानं धरलं. पण कापड लांब, पोरं बुटकी. मधला झोळ खाली आला, आणखी खाली, धुळीच्या फरशीपर्यंत...

"अरे, जमिनीला! जमिनीला लावू नका!"

ओमोरबेक होता. चहाची वाटी बाकावर कलंडली. एलेचेकचं कापड जमिनीला टेकताना आमचा कोणी माणूस बघू शकत नाही. ते हाडातच असतं. दोन ढांगांत तो पोचला आणि दोन्ही तळव्यांवर त्यानं तो झोळ उचलून धरला. मग मान वर करून पाहिलं तर सगळं दालन त्याच्याकडे बघत होतं, आणि मंचावरून त्याची पुतणी.

"माझ्या काकांनी धरलं," मीरिम म्हणाली. आता तिचा आवाज कापत नव्हता. "म्हणून सगळी मुलं पार झाली."

केवढ्या टाळ्या! राक्षसाची मिशी गळून पडली.

त्याच गोंधळात ओमोरबेकच्या खिशात फोन वाजायला लागला. त्याचे दोन्ही हात कापडात. "आयझादा, बघ कोण आहे." तिनं फोन काढला. पडद्यावर तालायचं नाव होतं, व्हिडिओवर समोरासमोर बोलण्यासाठी. तिचं बोट हिरव्या खुणेवर गेलं आणि थांबलं. ती मंचाच्या कडेला गेली.

"मीरिम, तुझे बाबा आहेत. तुला दाखवू का त्यांना? नको म्हणालीस तरी चालेल."

मीरिमनं विचार केला. अगदी मघाच्या कोल्हीणबाईसारखा.

"दाखवा. पण थांबा जेंगे, आधी नीट बांधते."

बांधलं बुरुल-एनेंनी. पण हात लावण्याआधी त्यांनीही विचारलं, "आईसारखं बांधू, की तुझ्या चित्रातल्यासारखं?"

"आईसारखं."

तालायच्या डोक्यावर पिवळं शिरस्त्राण होतं, मिशांवर सिमेंट. त्यानं हातानं मागे कोणाला तरी खूण केली. त्याच्या पाठीमागचं यंत्र बंद झालं.

"नाझिराचं आहे ना ते?" त्यानं गेलेल्या बायकोचं नाव घेत विचारलं.

"हो बाबा. पेटीतलं."

"ओमोर," तालाय म्हणाला, "जमिनीला लागू दिलं नाहीस ना?"

"नाही दिलं."

तालायनं मिशांवरचं सिमेंट पुसलं. मग घसा खाकरून, जणू असं विचारणं त्याच्या तोंडात पहिल्यांदाच येत होतं, तसं हळूच म्हणाला, "पोरी, ती चित्रं... मला दाखवशील का? सगळी नाही. तुला दाखवावीशी वाटतील ती."

 मीरिमनं मान हलवली, आणि आईचं एलेचेक तिच्याबरोबर हललं.

"आणि कॉलेजचं?" बुरुल-एनेंनी फोनपाशी तोंड नेऊन विचारलं. म्हाताऱ्या माणसाला कुठे थांबायचं ते कळत नाही, असं म्हणतात. पण कुठे थांबू नये ते बरोबर कळतं.

"बोलू, काकू. तिच्याशी बोलतो."

"बिश्केकला माझी गाडी जातेच," ओमोरबेक कोणाकडेही न बघता म्हणाला. "एखादी पोर आणि एखादी पेटी मावेल."

बंधू-भगिनींनो, आपण म्हणतो, आमच्या पोरी बिघडल्या, आमच्या चालीरीती बुडाल्या. पण एलेचेकचं कापड त्या दिवशी पेटीतून कोणी बाहेर काढलं? आणि ते धुळीत कोणी पाडू पाहिलं? आपल्या हातात आता प्रत्येकाच्या चेहऱ्यावर डल्ला मारणारं यंत्र आहे, आणि एका बोटासरशी माणसाला गावाच्या वेशीवर उभं करता येतं. तेवढंच बोट जरा थांबवा! ज्याचा चेहरा, त्याला विचारा. ज्याचं आयुष्य, त्याला विचारा. मूल असो, सून असो, लेक असो; लहान म्हणून टाळू नका. विचारल्यानं आपला मान कमी होत नाही. विचारलं की समोरचं माणूस नीट उभं राहतं, एवढंच होतं.

घरी परतताना टॅक्सीत एर्काइम आईच्या मांडीवर पेंगत होती. पुठ्ठ्याचा एक कान पार दुमडला होता, बोटं बोरसोकनं तेलकट झाली होती, आणि मुठीत पांढऱ्या कापडाचा सुटलेला एक दोरा होता. मागच्या बर्फाळ डोंगरांवर ऊन पडलं होतं. आयझादाचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"एर्काइम," तिनं लेकीच्या कानापाशी वाकून, खऱ्या कानापाशी, विचारलं, "तुझा एक फोटो काढू का? कोणालाही पाठवणार नाही. माझ्यासाठी."

लेकीनं डोळे न उघडताच विचार केला.

"काढ," ती म्हणाली. "पण आधी माझा कान सरळ कर."